पाकशिक्षण कोणासाठीं?

पाकशास्त्र हा मुलींचा विषय, असें म्हणणारे पालक अद्यापि भेटतात, याचें आम्हांस नवल वाटतें. भूक काय मुलींसच लागते? आमचे विद्यार्थी जीवनसत्त्वांचीं नांवें घडाघडा म्हणतात. पण भाताची पेज वेळून टाकली कीं तिजबरोबर 'ब' जीवनसत्त्वहि मोरींत जातें, हें चुलीपाशीं उभें राहिल्यावांचून त्यांच्या ध्यानीं यावें कसें? १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, सडलेल्या तांदुळांत जेमतेम १०. तरी नाचणीची भाकरी डब्यांत आणावयास मुलें लाजतात. (ती लाज आम्हां मोठ्यांनींच शिकविली.) आठवड्यांतून एक तास मुलगे व मुली यांनीं मिळून मटकीची उसळ शिजवावी, आणि भांडींहि त्यांनींच घासावीं, अशी आमची शाळाचालकांस विनंती आहे.