शांतता आणि शांती



गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामात पालक संताच्या सणानिमित्त मुलामुलींच्या धावण्याच्या शर्यती ठेविल्या होत्या. चौदा वर्षांखालील मुलींच्या शर्यतीत एका वाडीची मुलगी सर्वांना मागे टाकून पहिली आली. दुसरी आलेली बालिका धापा टाकीत आमच्यापाशी आली आणि सर्वांदेखत म्हणाली, "फादर, ती माझ्या ताईच्या वर्गात आहे. मग ती चौदाच्या आतली कशी?" दोन्ही वाड्यांची मंडळी उठून उभी राहिली. सणाच्या दिवशी तंटा नको, म्हणून आम्ही म्हणालो, "बाळ, जाऊ दे. खेळच आहे हा." ती मान खाली घालून निघून गेली. आम्ही शांतता राखली, असे आम्हांस वाटले.

त्या रात्री मात्र आम्हांस चैन पडेना. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले. तंटा झाकणाऱ्यांना नव्हे. प्रमुख याजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली, तेव्हा त्याने उलट हात उगारला नाही. परंतु तो मुकाट्यानेही राहिला नाही. आपले बोलणे चुकीचे असेल तर ते दाखवून द्यावे, नसेल तर मारण्याचे कारण काय, असे त्याने सरळ विचारले. पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी काढलेल्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रात सत्य, न्याय, प्रीती व स्वातंत्र्य यांवर शांतीची उभारणी सांगितली आहे. आम्ही त्या दिवशी सत्य आणि न्याय हे दोन्ही खांब काढून घेऊन छप्पर उभे राहील अशी आशा करीत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाप्तिस्म्याची नोंदवही उघडली. पहिल्या आलेल्या मुलीस पंधरा वर्षे पूर्ण झाली होती. बंधूचा अपराध प्रथम एकांतात त्याच्या पदरी घालावा, असा प्रभूचा उपदेश आहे. त्याप्रमाणे संध्याकाळी आम्ही एकटेच तिच्या घरी गेलो. नाव वाडीतील वडीलधाऱ्यांनी घातले होते. पोरीला कोणी विचारलेही नव्हते. आमचे बोलणे संपण्यापूर्वीच ती आत गेली आणि बक्षिसाचा पेला आणून आमच्या हाती दिला. तेथून आम्ही दुसऱ्या मुलीच्या घरी गेलो. तिला पेला दिला, आणि तिची क्षमाही मागितली. कारण तिचे खरे बोलणे आम्हीच दाबले होते.

कोणी म्हणेल, मुलींच्या शर्यतीचे एवढे काय मोठे? वाचकहो, मुलींना ही जागा सहजासहजी मिळालेली नाही. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच धावण्याच्या शर्यतींत उतरल्या. त्यांतील ८०० मीटरची शर्यत स्त्रियांना झेपत नाही असे ठरवून ती बंद करण्यात आली, ती १९६० साली रोमला पुन्हा सुरू झाली. वयात आल्यावर मुलामुलींच्या शरीरबळात अंतर पडते, म्हणूनच स्त्रियांचा गट निराळा ठेवावा लागतो. तो गट खऱ्या अर्थाने त्यांचाच राहावा, असे म्हणणे हे भांडखोरपण नव्हे.

या गटात कोणी धावावे, यावर आज जगभर वाद आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासाठी जनुकीय चाचणी लागू केली आहे. नियम हवाच, परंतु नियमाला दया हवी, हेही विसरू नये. २००६ साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत तामिळनाडूच्या शांती सौंदराजन हिने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले आणि तिच्या देहाची गोष्ट जगभर चघळली गेली. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची ती लेक. तिने कोणाला फसविले नव्हते. जन्मतः लाभलेल्या देहाबद्दल तिला जगासमोर मान खाली घालावी लागली. न्यायाचे नाव घेऊन कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणणे हा न्याय नव्हे.

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. तुमची लेक "हे बरोबर नाही" असे म्हणाली, तर "गप्प बस" म्हणू नका. आधी तिचे ऐकून घ्या. आणि मुलींनो, खरे ते निर्भयपणे बोला. परंतु जिच्याविषयी बोलता तीही देवाचीच लेक आहे, हे ध्यानी असू द्या.

यंदाचा सण जवळ आला आहे. प्रत्येक मुलामुलीचे वय आम्ही स्वतः आधी नोंदवहीवरून पाहणार आहोत. गेल्या वर्षीच्या त्या दोघीही धावणार आहेत, आपापल्या गटात.