सहावी मैत्रीण

आमच्या नाशकात ‘गोल्फ क्लब’ म्हटले की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानच आठवते. तिथे लोक पहाटे फिरायला जातात. म्हणून एका मैत्रिणीने येत्या दिवाळीच्या सुट्टीत गोल्फ रिसॉर्टला जाऊ या म्हटले, तेव्हा अंबडच्या आम्ही सहाजणी हसलोच. मग मोबाइलवर १८ होलचे हिरवेगार मैदान आणि तळ्याकाठच्या खोल्या पाहिल्या. पाचजणी लगेच तयार झालो.

सहावी म्हणाली, “सासूबाईंना सोडून कशी येऊ?”

शाळेतून परतताना रिक्षात तिने खरे सांगितले. मियांच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला होता. दोन रात्रींच्या त्या भाड्यात तिच्या मुलाची क्लासची फी भागत होती. माझी मान खाली गेली. होकार देताना मीही तिच्याकडे पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिचे नाव न घेता मीच म्हटले, “मलाही हे महाग पडते.” आणखी दोघींनी सुटकेचा श्वास सोडला!

आता भंडारदरा ठरले आहे. अंतर सुमारे ७० किलोमीटर. १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आणि रंधा धबधबा पाहायचा, एक रात्र राहायचे, पहिल्या दिवसाचे डबे घरचे. दरमहा प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांत १८,००० जमतील. त्यातच सारे बसवायचे.

बहिणींनो, सहल ठरवताना गप्प बसलेल्या मैत्रिणीला आधी विचारा. पण चारचौघींत नको, एकटीला गाठून.

पहिले ३०० रुपये तिनेच आणून दिले.