दोष दिसतो कोठे, जन्मतो कोठे

तयार माल तपासून वाईट नग बाजूला काढल्याने ग्राहकापर्यंत चांगला माल पोहोचतो, परंतु वाईट नग निर्माण होण्याचे थांबत नाही. संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन, म्हणजे संस्थेतील सर्व विभागांनी आणि सर्व पातळ्यांवरील माणसांनी मिळून प्रक्रियाच निर्दोष करत नेण्याची पद्धत, या साध्या निरीक्षणावर उभी आहे. ही पद्धत स्वीकारल्याचे सांगणाऱ्या संस्थांमध्येही दोष जेथे दिसतो तेथेच तो निस्तरण्याची सवय टिकून राहते, आणि तो जेथे जन्मतो त्या ठिकाणापर्यंत त्याची खबर पोहोचत नाही. पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील शेजारच्या तालुक्यांमध्ये एकीकडे गणेशमूर्तींचे कारखाने आणि दुसरीकडे रसायनांचे कारखाने आहेत. दोहोंत वरवर काहीच साम्य नाही, तरी या प्रश्नाचे स्वरूप दोन्ही ठिकाणी एकच आहे.

वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली, तेव्हा प्रक्रियेत नेहमीच अंगभूत असणारा चढउतार आणि एखाद्या विशिष्ट कारणाने आलेला बिघाड यांत फरक करण्याचे साधन प्रथमच हाती आले. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना हीच दृष्टी दिली आणि अंगभूत चढउताराची जबाबदारी कामगारावर नव्हे तर व्यवस्थापनावर असल्याचे पुढे सातत्याने बजावले. काओरू इशिकावा यांनी तिला आणखी एक जोड दिली: पुढची प्रक्रिया हाच मागच्या प्रक्रियेचा ग्राहक होय. महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर व शेती-अवजारे विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा ही शिस्त महाराष्ट्रातील उद्योगालाही साधते, हे सिद्ध झाले.

पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या परिसरातील गावांत मूर्ती साच्यातून काढणे, सांधे भरणे, घासकाम, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी असा कामाचा क्रम असतो, आणि हे टप्पे अनेकदा वेगवेगळ्या हातांनी पार पडतात. येथून मोठ्या प्रमाणावर रंग न दिलेल्या कच्च्या मूर्तीही इतर गावांतील रंगकाम करणाऱ्यांकडे जातात. शाडूची माती वाळताना आकसते, त्यामुळे मूर्तीची जाडी सर्वत्र सारखी नसली किंवा दमट हवेत घाईने वाळवण केली, तर तडा जातो. मात्र तो पुष्कळदा रंगाच्या वेळी किंवा वाहतुकीत दिसतो. रंगारी लांबी भरून तो झाकतो आणि मूर्ती वेळेवर रवाना होते, कारण चतुर्थीची तारीख कोणासाठी पुढे जात नाही. परंतु साच्यात माती दाबणाऱ्याला त्या तड्याची वार्ता कळत नाही आणि पुढच्या हंगामात तोच दोष पुन्हा जन्मतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केल्यापासून, आणि त्यावर न्यायालयात वाद झाल्यापासून, शाडूकडे वळण्याचा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, शाडूला मात्र वाळण्यास दिवस लागतात. म्हणून हा बदल म्हणजे केवळ माल बदलणे नसून संपूर्ण प्रक्रिया नव्याने शिकणे आहे.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत हाच प्रश्न सांडपाण्याच्या रूपाने समोर येतो. रासायनिक बॅचमध्ये तापमान थोडे चढले, कच्च्या मालात ओलावा राहिला किंवा एखादा घटक ठरलेल्या वेगापेक्षा लवकर घातला गेला, तर उतारा घटतो आणि न वापरले गेलेले द्रव्य सांडपाण्यात उतरते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचा भार मोजणारी रासायनिक प्राणवायू मागणी वाढते, तेव्हा पर्यावरण विभागाला तो आपल्या कामाचा ताण वाटतो आणि उत्पादन विभागाला तो परका विषय वाटतो, जरी दोघांसमोर वाया गेलेला एकच माल असला तरी. सामायिक सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आवश्यकच आहे, कुंडलिका नदीच्या काठी तर निर्विवादपणे. पण तोही अखेर शेवटच्या टोकाची तपासणीच आहे. प्रत्येक बॅचचा उतारा आणि त्याच बॅचच्या सांडपाण्याचा भार एकाच आलेखावर मांडला, तर उगमाकडे जाणारी वाट पर्यवेक्षकाला स्वतःच दिसू लागते.

या दोन्ही ठिकाणी मोठा अडथळा यंत्राचा किंवा भांडवलाचा नसून, दोषाचे कारण सर्वांत आधी पाहणारा माणूस सुधारणेच्या चर्चेबाहेर राहतो, हा आहे. पेणमध्ये तो बहुधा हंगामी कारागीर असतो आणि रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार. माणूस बदलला की त्याचे निरीक्षण त्याच्याबरोबर जाते. गुणवत्ता मंडळ, म्हणजे एकाच कामावरील माणसांनी नियमितपणे एकत्र येऊन अडचणींची कारणे शोधण्याची व्यवस्था, केवळ कायम कामगारांपुरती मर्यादित ठेवणे म्हणूनच आत्मघातकी आहे. मूर्तीच्या कारखान्यात मोडतोड, तडे आणि दुबार काम यांची टप्प्यानुसार साधी नोंद ठेवावी आणि हंगाम संपल्याबरोबर, आठवण ताजी असताना, सर्वांसमक्ष तिचा आढावा घ्यावा. रासायनिक कारखान्यात पाळी बदलताना घडलेल्या विचलनाबरोबर कामगाराने सुचवलेले कारणही लिहून घ्यावे, ते पडताळावे आणि खरे ठरल्यास लिखित कार्यपद्धती बदलावी. कार्यपद्धती बदलली नाही, तर सुधारणा झाली असे म्हणता येत नाही.

लिखित मानक आणि अनुभवी हात यांना एकमेकांचे पर्याय मानण्याची चूक महाग पडते. मानक नसेल तर शिकलेले टिकत नाही, आणि मानक बदलण्याचा मार्ग कामगारासाठी खुला नसेल तर नवे काही शिकले जात नाही. दोषाची नोंद करणाऱ्याला दंडाची भीती वाटत असेल, तर तो दोष झाकला जाईल, हेही तितकेच निश्चित आहे. त्यामुळे पेणच्या मूर्तिकारांच्या संघटनांनी आणि धाटावच्या उद्योजकांनी सतत सुधारणेचा आरंभ भिंतीवरील घोषणांनी न करता, दोष प्रथम सांगणाऱ्या माणसाला निर्भय करण्यापासून करावा; ही जबाबदारी व्यवस्थापनाची आहे आणि ती दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.