बॅटरीची मोड आणि सराफाची कसोटी

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेस मंजुरी दिली. ई-कचरा आणि लिथियम-आयन बॅटऱ्यांचे भंगार यांतून लिथियम, कोबाल्ट, निकेल यांसारखे धातू देशातच परत मिळावेत, हा तिचा हेतू आहे. निधीचा एक तृतीयांश हिस्सा लहान व नव्या उद्योगांसाठी राखून ठेवण्यात आला आहे. मात्र कारखाने उभे राहिले तरी विजेवरील वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या त्यांच्यापर्यंत पोहोचतील का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

याचे उत्तर शोधताना छत्तीसगडच्या राजधानीतील, रायपूरमधील सदर बाजाराकडे पाहणे उपयुक्त ठरते. हा शहराचा जुना सराफा. येथे मोड म्हणून आलेला दागिना कसाला लावला जातो, तोलला जातो, वितळवला जातो आणि नवे रूप घेऊन पुन्हा पेढीवर येतो. सराफी धंद्यात कारखान्यातील केरही वाया जात नाही. तो धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या हेच काम करीत आले आहेत. सोन्याचा कचरा होत नाही, याचे कारण त्याचे मोल आहेच. पण ते मोल काही क्षणांत आणि दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा रीतीने ठरवता येते, हे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे.

रायपूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या ई-रिक्षांनाही मोडीचा हा व्यवहार परका नाही. शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनात साधारण ६० टक्के शिसे असते. त्यामुळे जुनी बॅटरी दुकानात दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते आणि ती रस्त्याकडेला पडून राहत नाही. या साखळीचा दुसरा भाग मात्र भयावह आहे. बेकायदा भट्ट्यांत बॅटऱ्या फोडून आम्ल जमिनीवर ओतले जाते आणि शिशाची वाफ वस्तीत पसरते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक पातळीवर होते. त्यांपैकी सुमारे २७ कोटी ५० लाख मुले भारतातील होती. अशा बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्चक्रीकरण हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचे अहवालात नमूद आहे. भाव मिळाला की माल परत येतो. पण तो योग्य हाती जाईलच, याची शाश्वती भाव देत नाही.

लिथियम बॅटरीच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीत निकेल व कोबाल्ट असू शकते, तर दुसरीत लोह व फॉस्फेट. दुसरीतून हाती लागणारा माल स्वस्त असल्याने तिच्यावरील प्रक्रिया अनेकदा परवडत नाही. त्यातच २०२२ च्या अखेरीस शिखरावर असलेले लिथियमचे भाव पुढच्या वर्षभरात कोसळले. शिवाय खराब झालेली बॅटरी पेट घेऊ शकते. त्यामुळे तिची साठवण आणि वाहतूक खर्चिक होते.

तथापि, वाहनातून निवृत्त झालेली बॅटरी निकामी झालेली असतेच असे नाही. तिची क्षमता मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली, तरी घर, दुकान किंवा सौर संचासाठी ती काही वर्षे उपयोगी पडते. अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान क्रायफ मैदानात २०१८ मध्ये निसान लीफ मोटारींच्या नव्या व जुन्या बॅटऱ्यांचा मोठा वीजसाठा उभारण्यात आला. २०२२ मध्ये ‘नुनाम’ या भारतीय-जर्मन नवउद्योगाने ऑडीच्या चाचणी मोटारींतील बॅटऱ्या वापरून तीन ई-रिक्षा तयार केल्या. अशा पुनर्वापरापूर्वी प्रत्येक बॅटरीची तपासणी अपरिहार्य असते. तिचा पूर्वेतिहास बहुधा उत्पादकाच्या संगणक प्रणालीतच बंद राहतो. परिणामी जुनी बॅटरी विकणाऱ्या चालकाला भंगाराचा भाव मिळतो आणि ती विकत घेणारा आगीचा धोका पत्करतो.

यासाठी फार मोठा अवधी हाती नाही. पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन ही विजेवरील मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. त्या पहिल्या मोटारींची हमी २०२८ पासून संपू लागेल.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या जमिनीत पुरण्यास वा जाळण्यास मनाई आहे. २०२६-२७ पासून बॅटरीतील ९० टक्के सामग्री परत मिळवण्याचे, तर २०२७-२८ पासून नव्या वाहन-बॅटरीत ५ टक्के पुनर्प्राप्त सामग्री वापरण्याचे बंधन आहे. या नियमांचा भर गोळा करण्यावर आणि धातूंवर आहे. युरोपीय संघाने मात्र फेब्रुवारी २०२७ पासून प्रत्येक वाहन-बॅटरीसोबत तिची माहिती देणारे डिजिटल पारपत्र अनिवार्य केले आहे.

याच छत्तीसगडमधील कोरबा जिल्ह्यातील कटघोरा लिथियम खाणपट्ट्याचा लिलाव जून २०२४ मध्ये पूर्ण झाला. खाणीतून धातू निघण्यास वर्षे लागतात आणि त्याची किंमत जंगल व जमीन मोजते. जुन्या बॅटऱ्यांतील लिथियम मात्र आधीच शहरात येऊन पडले आहे.

ते मिळवण्याचा मार्ग सराफ्याने दाखवलेलाच आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकी विशिष्ट ओळख क्रमांक असणे विक्रीसाठी आवश्यक झाले. विजेवरील वाहनाच्या बॅटरीलाही असा क्रमांक, तिचा इतिहास वाचण्याची मुभा आणि शहरोशहरी परवडणारी तपासणी केंद्रे मिळाली पाहिजेत. योजनेतील १,५०० कोटी रुपये भट्ट्यांइतकेच या कसोटीसाठीही खर्च झाले, तर ई-रिक्षाचालकाच्या हाती योग्य मोल पडेल आणि वस्त्यांमधील विषारी धूरही कमी होईल.