जुनं व्हायची घाई

नवी कोल्हापुरी पायात घातलेला माणूस पहिले आठ दिवस जरा लंगडतोच. अंगठा चावतो, पट्टा घासतो. निपाणी-अथणीकडे त्यावर घरगुती उपाय ठरलेला: तळाला आणि पट्ट्यांना एरंडेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी चप्पल घालून सरळ कामाला लागायचं. महिन्या-दोन महिन्यांत बिस्किटासारखा फिकट रंग गुळासारखा होतो. तळावर पाच बोटांचे पाच काळपट खळगे उमटतात. मग ती दुसऱ्या कुणाला नीट होत नाही.

याच भागातल्या बुलेटवाल्या पोरांना मात्र चामड्याचं जॅकेट जुनं व्हायला इतकी सवड नसते. तवंदी घाट ओलांडून बेळगाव, तिथून आंबोली अशी फेरी मारायची, तर अंगावरचं जॅकेट दहा पावसाळे पाहिलेलं दिसलं पाहिजे. मग कोपरावर सँडपेपर फिरतो, शिवणीवर स्पिरिटचा बोळा घासला जातो, कुणी ते ओलं करून चुरगाळून ठेवतो. हौसेला मोल नाही, पण कातडं कुठलं आहे हे आधी पाहायला नको?

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, म्हणून ते तेल, घाम, ऊन पोटात घेतं आणि गडद होत जातं. बाजारातली बहुतेक जॅकेटं क्रोमच्या क्षारांनी कमावलेली. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात निघाली, काम झटपट होतं आणि कातडं मऊ राहतं. स्वस्त मालावर वरून रंगाचा थर चढवतात. तो घासला की म्हातारपण दिसत नाही, पोपडे गेलेली भिंत दिसते.

जुनेपणाच्या या हौसेची किंमत कधी कधी भलताच माणूस मोजतो. जीन्स विटकी दिसावी म्हणून तुर्कस्तानात कापडावर वाळूचा मारा करत. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस झाला, माणसं मेली, तेव्हा 2009 मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. नव्या कोऱ्या पँटीला गुडघ्यावर पांढरं दिसावं, एवढ्यासाठी!

इकडे ज्यांच्या हाताला खरा जुना कस आहे, त्यांची दखल घ्यायला मिलान लागलं. जून 2025 मध्ये तिथे प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल झळकली, मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता. गहजब झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं आणि वर्षाअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. 2000 जोड, किंमत सुमारे 800 युरो. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन तर 2019 मध्येच मिळालं होतं, तेही आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड. 1956 पासून ज्या सीमेवरून दोन राज्यं भांडतात, ती चपलेने कधीच ओलांडली. कागल तालुक्यातली कापशी तर निपाणीच्या शेजारचीच, तिच्या नावाची चप्पल दोन्हीकडे मिरवते.

तेव्हा सँडपेपर उचलण्याआधी जॅकेटच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. थेंब मुरला आणि तिथला रंग गडद झाला, तर ते कातडं नुसत्या वापराने रंग धरेल. त्याला थोडं तेल किंवा मेण लावावं आणि घालून हिंडावं. बेळगावच्या पावसात मात्र ते कपाटात कोंडून ठेवू नये, बुरशी धरते. थेंब मोत्यासारखा वरच राहिला, तर तो बहुधा रंगाचा थर. असलं जॅकेट घासू नये, आहे तसंच नवं घालावं.