डिसेंबरात दक्षिणेकडे पाहावे

हवेतील बाष्प ओसरून रात्री कोरड्या व निरभ्र होऊ लागल्या, म्हणजे महाराष्ट्रातील आकाशनिरीक्षकाचा खरा सुगीचा काळ सुरू होतो. आणि या डिसेंबर महिन्यात रात्री दहाच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहणाऱ्या माणसाला, त्याने आजवर एकही तारा ओळखलेला नसला तरी, मृग नक्षत्र शोधण्यासाठी कोणाच्या साहाय्याची गरज पडू नये. चार ठळक ताऱ्यांच्या चौकोनात एका रेषेत असलेले तीन तारे म्हणजे मृगाला लागलेला व्याधाचा बाण. त्या रेषेने वर गेले की तांबूस रोहिणी आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा पुंजका लागतो. खाली आले की स्वतः व्याध, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा, आपल्यापासून सुमारे 8.6 प्रकाशवर्षांवर. 13 आणि 14 तारखांच्या मधल्या रात्री मिथुन राशीतून उल्काही पडतात. चंद्र नसेल तर त्या रात्री जागावे.

परंतु माझा खरा आग्रह आहे तो अगस्त्यासाठी. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून आपण तिच्याकडे सहसा तोंड करीत नाही, आणि त्यामुळे व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा तारा, अकरानंतर क्षितिजाच्या थोडा वर येऊन थांबलेला असूनही, कित्येक सुशिक्षित कुटुंबांत जन्मभर अपरिचित राहतो, याचे मला मनापासून दुःख वाटते. लंडनच्या रहिवाशाला तो कधीच दिसत नाही. दिल्लीला तो फार तर 9 अंश वर येतो, पुण्याला सुमारे 19 आणि कन्याकुमारीला सुमारे 29. विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेला आणि परत न फिरलेला ऋषी ज्यांनी या ताऱ्यात पाहिला, त्यांनी दक्षिणेकडे प्रवास करता करता त्याला मुक्कामागणिक वर चढताना पाहिले असले पाहिजे, असे मला वाटते. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त त्याच्यासाठी स्वतंत्र अध्याय योजला, यावरून त्याच्या उदयाला केवढा मान होता याचा दाखला मिळतो. आज जो त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघाला तेव्हा साताऱ्यास शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती, कारण त्याचे अंतर सुमारे 310 प्रकाशवर्षे भरते.

त्याला पाहण्यास दुर्बीण लागत नाही. लागते ती डोंगराने वा इमारतीने न अडवलेली दक्षिण आणि दिव्यांच्या झगमगाटापासून थोडी मुक्तता. महिन्याच्या अखेरीस मध्यरात्र उलटता उलटता तो बरोबर दक्षिणेस आपल्या परमोच्च स्थानी येतो. ज्यांच्या गच्चीवरून ती दिशा मोकळी दिसते, त्यांनी त्या रात्री गच्चीवरचे दिवे मालवून घरातील मुलांना अवश्य उठवावे आणि अगस्त्य दाखवावा.