७५ पौंडांचं घर, होम डिलिव्हरीसकट

माझ्या एका मैत्रिणीने नुकताच रिसेलचा फ्लॅट घेतलाय. वन बीएचके. आधीच्या मालकांनी बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवलेला. इंटीरियरवाला म्हणतो, 'मॅडम, बाल्कनी मोकळी करा, ओरिजिनल लुक येईल.' तिची आई म्हणते, 'वेडी आहेस का? आयती मिळालेली जागा घालवतेस!' दोघांचंही पटतं, म्हणून बाईसाहेब जाम कन्फ्यूज्ड. मी तिला ग्रेट डिक्स्टरचे फोटो पाठवले.

हे इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्सचं एक जुनं मॅनर हाऊस. जमीनदाराचा वाडाच म्हणा ना. पंधराव्या शतकाच्या मध्याला बांधलेला. लाकडी सांगाडा, पुढचा पोर्च आजही चक्क तिरपा, आणि आत थेट छपरापर्यंत मोकळा, उंचच्या उंच हॉल. त्या काळी अशा हॉलच्या मधोमध जमिनीवरच शेकोटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. ऐकायला रोमँटिक, पण तिथल्या थंडीत राहून बघा! पुढे धुराडी आली. धुरासाठी उंची मोकळी ठेवायची गरज उरली नाही. मग लोकांनी हॉलमध्ये मधले मजले टाकले, पार्टिशनं घातली. खोल्या वाढल्या, ऊबही वाढली. थोडक्यात, बाल्कनी आत घेतली!

१९१० मध्ये हे घर नाथानिएल लॉइड यांनी विकत घेतलं. छपाईच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस. त्यांनी आर्किटेक्ट बोलावला एडविन लुटियन्स. हो, तेच, आपल्या राष्ट्रपती भवनाचे. दोघांनी आधी मधले मजले नि पार्टिशनं काढून टाकली. हॉल पुन्हा छपरापर्यंत मोकळा.

पण लॉइड कुटुंबाला जागा पुरेना. आता खरी गंमत. शेजारच्या केंटमधल्या बेनेंडन गावात असंच एक जुनं लाकडी घर पाडायला निघालं होतं. लॉइडनी ते ७५ पौंडांना घेतलं, एकेका तुळईवर नंबर टाकून सुटं केलं आणि डिक्स्टरला आणून पुन्हा उभं केलं. दोन्ही घरांना जोडणारा नवा भाग लुटियन्सनी बांधला आणि त्याला जुन्या लाकडी सांगाड्याचं सोंग दिलं नाही. १९१२ पर्यंत काम संपलं. त्याच वर्षी ते नव्या राजधानीसाठी पहिल्यांदा भारतात आले.

फोटोतला तो हॉल भन्नाट दिसतो, वादच नाही. तरी मला ते काढून टाकलेले मजले खुपतात. त्या बुटक्या, उबदार खोल्यांत कितीतरी पिढ्या वाढल्या असतील. 'ओरिजिनल' म्हणजे फक्त पहिल्या मालकाचं? मधल्यांचं काय? पण बेनेंडनचं घर मात्र लॉइडनी उचललं नसतं, तर त्याची लाकडंही उरली नसती. तिथे सलाम.

लॉइडचा मुलगा ख्रिस्तोफर याच घरात १९२१ साली जन्मला आणि २००६ मध्ये वारला, तोपर्यंत हेच त्याचं घर. गार्डनिंगवर लिहिणारा मोठा माणूस. घराजवळच्या जुन्या गुरांच्या आवारात लुटियन्सनी गुलाबाची बाग आखून दिली होती. वर्षानुवर्षं तेच झाड लावून माती थकली, गुलाब धरेनात. १९९० च्या दशकात ख्रिस्तोफरने सरळ गुलाब उपटले आणि तिथे काय लावलं? केळी आणि कर्दळ! लुटियन्सच्या बागेत! जुन्या बागांच्या चाहत्यांना धक्का बसला, पण पठ्ठ्या हलला नाही. बापाने मधल्या लोकांचं काढलं, मुलाने बापाच्या आर्किटेक्टचं.

मैत्रिणीचा रिप्लाय आला : 'केळी जमणार नाहीत, पण कर्दळ लावायला बाल्कनी हवीच ना?'

आईला अजून सांगितलेलं नाही. इंटीरियरवाला मंगळवारी येतोय.